एक सेकंद, पुरवून पुरवून

कारखान्यातल्या रिअॅक्टरमध्ये पॉलिस्टायरीनची एक साखळी जन्माला येते, वाढते आणि मरते. एकदा लवलेली आपली पापणी पुन्हा लवायच्या आत हे सगळे आटोपलेले असते. साधारण एक सेकंद. तेवढ्यात स्टायरीनचे हजारभर रेणू तिला एकामागून एक जोडले जातात. साखळीच्या टोकाशी एक एकटा, जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन असतो. अशा टोकाला रसायनशास्त्रात मुक्त मूलक म्हणतात. तो समोर येईल त्या स्टायरीनसारख्या सुट्या रेणूवर, म्हणजे मोनोमरवर, तुटून पडतो. पण त्याला दुसऱ्या साखळीचे तसेच टोक भेटले, तर दोन एकटे इलेक्ट्रॉन जोडी जमवतात आणि दोन्ही साखळ्यांची वाढ कायमची थांबते. प्रक्रिया मात्र तासन् तास चालू राहते, कारण प्रारंभक म्हणून टाकलेले पेरॉक्साइड हळूहळू फुटत नवे मूलक पुरवत असते. जुन्या साखळ्या मरतात, नव्या जन्मतात. कुठल्याही क्षणी भांड्यात डोकावले, तर बनून मेलेल्या साखळ्यांचा खच आणि त्यात जिवंत अशा अगदी मोजक्या, असेच दृश्य दिसेल.

पीव्हीसीचे पाइप, दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन, भिंतीचा अॅक्रिलिक रंग, सुताराचा पांढरा डिंक हे सगळे याच घाईगर्दीतून येते. ही पद्धत दणकट आहे. पाणी तिला चालते. उलट रंग आणि डिंक तर पाण्यातच बनवतात. मोनोमरवर आम्लाचा किंवा अल्कोहोलचा गट असला तरी तिचे बिघडत नाही. तिच्यात उणीव एकच, पण ती मोठी आहे. साखळी किती लांब होणार आणि तिच्यात काय कुठे बसणार, यावर बनवणाऱ्याचा ताबा नसतो. एक मोनोमर संपल्यावर दुसरा घालावा म्हटले, तर तो जोडायला जिवंत टोकच उरलेले नसते.

आणि नेमके तेच हवे असते. गजऱ्यात अर्धा भाग मोगरा आणि पुढचा अर्धा अबोली ओवावी, तशी एकाच साखळीत आधी एका मोनोमरची सलग ओळ आणि मग दुसऱ्याची सलग ओळ असली की त्या पॉलिमरला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. दोन वेगळे पॉलिमर नुसते मिसळले, तर ते बहुतेक वेळा तेलपाण्यासारखे फुटून निघतात. ब्लॉक कोपॉलिमरमध्येही दोन्ही खंडांना वेगळे व्हायचे असते, पण ते एकमेकांना रासायनिक बंधाने बांधलेले असतात. त्यामुळे ते वेगळे होतात ते फक्त दहा-वीस नॅनोमीटरच्या अंतरावर, आणि पदार्थाच्या पोटात गोळ्यांची, दांड्यांची किंवा थरांची शिस्तबद्ध नक्षी तयार होते. कोणती नक्षी हे खंडांच्या लांबीच्या प्रमाणावर ठरते. स्टायरीन, ब्युटाडाइन, पुन्हा स्टायरीन अशा तीन खंडांच्या साखळीत मधला खंड रबरासारखा ताणला जातो आणि दोन्ही टोकांचे कडक खंड गोळा होऊन त्याला जागोजागी गाठी मारतात. सुमारे १०० अंशांच्या वर तापवले की गाठी सैल होतात आणि माल पुन्हा साच्यात ओतता येतो. बुटांचे तळवे या पदार्थाचे करतात. महामार्गाच्या डांबरातही तो मिसळतात, म्हणजे उन्हात डांबर मऊ पडत नाही आणि थंडीत तडकत नाही.

हा तीन खंडांचा पदार्थ ज्या मार्गाने निघाला तो मूलकांचा नव्हता. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज इथे मायकेल श्वार्त्स या पोलंडमध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने सोडियम नॅफ्थलीनच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन घातले. हिरवा रंग जाऊन लाल आला. स्टायरीन संपून गेले तरी लाल रंग टिकून राहिला. आणखी स्टायरीन घातले, तर साखळ्या पुन्हा वाढू लागल्या. आयसोप्रीन घातले, तर त्याच साखळ्यांवर दुसरा खंड चढला. इथे टोकाशी ऋण प्रभार असतो. दोन ऋण टोके एकमेकांना दूर लोटतात, म्हणून ती परस्परांचा जीव घेत नाहीत. श्वार्त्सने या साखळ्यांना ‘जिवंत’ म्हटले. या कामात त्याच्याबरोबर असलेला राल्फ मिल्कोविच पुढे शेल कंपनीत गेला, आणि १९६० च्या दशकात तिथून क्रेटॉन नावाने वर सांगितलेले रबर बाजारात आले.

पण ऋण प्रभाराचे सोवळे फार कडक. पाण्याचा किंवा हवेचा अंश जरी शिरला तरी सगळे संपते. काचेची उपकरणे निर्वातात वितळवून बंद करावी लागतात, मोनोमर पुन्हा पुन्हा शुद्ध करावा लागतो. मिथाइल मिथाक्रिलेटसारख्या मोनोमरमध्ये तर स्वतःचाच कार्बोनिल गट टोकाचा हल्ला ओढवून घेतो, म्हणून शून्याखाली ७८ अंशांपर्यंत थंडावा द्यावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. शिवराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिथाक्रिलेटांच्या या अवघड वाटेवर पुष्कळ काम केले आहे. ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष तुडवली, त्यांनाच ‘हेच काम साध्या मूलकांकडून करून घेता आले तर’ या प्रश्नाची किंमत कळते.

तो प्रश्न अशक्य वाटत होता, आणि त्याला कारण होते. दोन मूलक भेटले की मरणारच. त्यांच्यामध्ये प्रतिकर्षण नाही. सुटकेचा धागा गणितात दडलेला होता. साखळीची वाढ मूलकांच्या संहतीच्या प्रमाणात होते, तर मृत्यू संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात. मूलक दहापट कमी केले, तर वाढ दहापट मंदावते, पण मृत्यू शंभरपट. तेव्हा एका वेळी जागे असलेले मूलक अगदी थोडे हवेत. पण साखळ्याच थोड्या ठेवल्या, तर त्या भलत्याच लांब होतील. म्हणून साखळ्या भरपूर हव्यात आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या कोणत्याही क्षणी झोपलेल्या हव्यात. प्रत्येकीने थोडा वेळ जागे व्हायचे, दोन-चार मोनोमर जोडायचे आणि पुन्हा झोपायचे. पाळी सगळ्यांना सारखी मिळाली, तर सगळ्या सारख्याच वाढतील.

एक मिलिसेकंद जाग आणि मग एक मिनिट झोप, असा हिशेब धरा. साखळीला मिळालेले एक सेकंदाचे आयुष्य असे हजार तुकड्यांत वाटले, तर ते सुमारे सतरा तास पुरते. रसायनशास्त्रज्ञाला दुपारी दुसरा मोनोमर घालायला, संध्याकाळी नमुना तपासायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा खंड चढवायला एवढी सवड पुष्कळ झाली.

झोपवायचे कशाने, याची उत्तरे एकाच जागी सापडली नाहीत. जपानमध्ये ओसाका इथे ताकायुकी ओत्सू यांनी १९८२ मध्ये गंधकाची संयुगे वापरून टोक पुन्हा पुन्हा झाकण्या-उघडण्याची कल्पना मांडली. नियंत्रण अर्धवट होते, पण दिशा बरोबर होती. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला सीएसआयआरओ या सरकारी संस्थेत डेव्हिड सॉलोमन आणि एझिओ रिझार्डो नायट्रॉक्साइड नावाची संयुगे मूलक पकडण्यासाठी वापरत होते. प्लास्टिकच्या चलनी नोटांमागचे सॉलोमन ते हेच. साखळीची सुरुवात नेमकी कशी होते हे पाहायचे, म्हणून जन्मताच मूलक पकडायचा, एवढाच त्यांचा हेतू होता. नायट्रॉक्साइड हेही मूलकच, पण संथ वृत्तीचे. ते मोनोमरवर तुटून पडत नाही, आपल्यासारख्या दुसऱ्या नायट्रॉक्साइडशी जुळत नाही. फक्त कार्बनच्या मूलकाला धरते. तापमान वाढवले की धरलेला मूलक सुटतो, थोडा वाढतो आणि पुन्हा धरला जातो, हे त्यांच्या लक्षात आले. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी याचे पेटंट घेतले, पण फारशा कोणाचे तिकडे लक्ष गेले नाही. १९९३ मध्ये कॅनडातल्या झेरॉक्स संशोधन केंद्रात मायकेल जॉर्जेस आणि सहकाऱ्यांनी टेम्पो या नायट्रॉक्साइडच्या सोबतीने स्टायरीनचे लांबीला सारखे पॉलिमर बनवून दाखवले, आणि मग सगळे या विषयाकडे धावले. झेरॉक्सला त्यात रस असणे स्वाभाविक होते: फोटोकॉपीच्या शाईची भुकटी ठरावीक तापमानाला झटकन वितळायला हवी.

या पद्धतीचे खरे मर्म मात्र झुरिकच्या हान्स फिशर यांनी उलगडले, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा विचार तोच आहे. समजा, टेम्पोने झाकलेल्या साखळ्यांचे भांडे तापवले. प्रत्येक वेळी एक झाकण निघते तेव्हा एक साखळी-मूलक आणि एक टेम्पो अशी जोडी सुटते. दोघांची संख्या सारखी. सुरुवातीला काही साखळी-मूलक एकमेकांना भेटून मरतात. मेलेल्या दोन साखळ्यांमागे दोन टेम्पो पोरके राहतात. त्यांना आपसांत जुळता येत नाही, म्हणून ते साठत जातात. बघता बघता भांड्यात टेम्पोची संख्या जाग्या साखळ्यांच्या हजारपट होते. आता साखळी जागी झाली की तिला दुसरी साखळी भेटण्याऐवजी टेम्पो भेटण्याचीच शक्यता कितीतरी जास्त; ती मरत नाही, झोपते. म्हणजे सुरुवातीचे थोडे मृत्यू पुढच्या असंख्य मृत्यूंना आळा घालतात. ही शिस्त बाहेरून कोणी लावलेली नसते. मृत्यू वाढले की झाकणे वाढतात, झाकणे वाढली की मृत्यू घटतात. मृत्यू पूर्ण थांबत नाहीत, हे मान्य करूनच ही रचना उभी आहे; तेव्हा हिला ‘जिवंत’ म्हणण्यापेक्षा ‘नियंत्रित’ म्हणणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

टेम्पोची गाडी स्टायरीनपुढे फारशी जात नव्हती. अॅक्रिलेटांसाठी नवे नायट्रॉक्साइड यायला आणखी काही वर्षे लागली. तोवर १९९५ मध्ये एकाच वर्षी दोन ठिकाणी वेगळी वाट सापडली: जपानमध्ये क्योटोला मित्सुओ सावामोतो यांच्याकडे रुथेनियम वापरून, आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात क्रिस्तॉफ मातियाशेव्हस्की आणि जिन-शान वांग यांच्याकडे तांबे वापरून. साखळीच्या टोकाशी क्लोरीन किंवा ब्रोमीनचा अणू झाकण म्हणून बसवायचा. एकसंयुजी तांबे तो उचलते, साखळी जागी होते. हाच अणू घेऊन द्विसंयुजी झालेले तांबे पुढच्या क्षणी तो परत देते, साखळी झोपते. शिकागोत मॉरिस खराश यांनी १९४० च्या दशकात द्विबंधाला कार्बन टेट्राक्लोराइड जोडण्याची मूलकांची अभिक्रिया दाखवली होती. नवी पद्धत म्हणजे तीच अभिक्रिया, एकदा होऊन न थांबता शेकडो वेळा होत राहिलेली.

प्रयोगशाळेत हे कसे दिसते ते सांगण्याजोगे आहे. बाजूला नळी असलेल्या चंबूत मोनोमर, ब्रोमीन असलेला प्रारंभक आणि तांब्याला विरघळवून धरणारे नायट्रोजनयुक्त संयुग घालतात. द्रव नायट्रोजनमध्ये चंबू गोठवायचा, पंपाने हवा ओढायची, वितळू द्यायचे. वितळताना तळातून बुडबुडे वर येतात, तो विरघळलेला ऑक्सिजन. हे तीनदा करायचे. मग तांब्याचा क्षार आणि तेलाचे गरम पात्र. ते संयुग बायपिरिडीन असेल, तर मिश्रण गडद तांबूस दिसते. तासातासाला सुईने थेंबभर नमुना काढून दोन गोष्टी पाहायच्या: मोनोमर किती संपला आणि साखळीचा सरासरी रेणुभार किती झाला. दोन्हींचा आलेख सरळ रेषेत चढत गेला, तर साखळ्या एकत्र वाढत आहेत. साध्या मूलक पद्धतीत ही रेषा कधीच मिळत नाही. तिथे पहिल्या मिनिटातली साखळीही पूर्ण लांबीची असते. प्रारंभकाच्या एका रेणूमागे मोनोमरचे दोनशे रेणू घेतले असतील, तर मोनोमर संपता संपता साखळी दोनशे एककांची होते. सगळ्या साखळ्या अगदी सारख्या असतील, तर त्यांच्या लांबीतला फरक दाखवणारा आकडा १ येतो. साध्या पद्धतीत तो दीड ते दोनच्या खाली उतरत नाही, इथे १.१ सहज मिळतो. शेवटी बूच उघडले की हवा आत शिरते आणि तांबूस द्रव पाहता पाहता हिरवा पडतो. तांब्याचे ऑक्सिडीकरण झाले, काम थांबले. पण टोकाचा ब्रोमीन तसाच आहे. पॉलिमर मिथेनॉलमध्ये ओतून पांढऱ्या भुकटीच्या रूपात वेगळा करता येतो, बाटलीत ठेवता येतो आणि महिन्याभराने त्यावर दुसरा खंड चढवता येतो.

दुसरा खंड चढवताना क्रम चुकला, तर मात्र सगळे फसते. मिथाक्रिलेटचे टोक सहज जागे होते, अॅक्रिलेटचे उशिरा. आधी मिथाक्रिलेटचा खंड बनवून त्यावर अॅक्रिलेट घातले, तर सगळ्या साखळ्या जवळजवळ एकदमच दुसऱ्या खंडाला लागतात. उलट केले, तर ज्या थोड्या अॅक्रिलेट साखळ्या आधी जाग्या झाल्या, त्यांची टोके आता मिथाक्रिलेटची होतात, आणि पुन्हा पुन्हा त्याच जाग्या होऊन मोनोमर फस्त करतात. बाकीच्या अर्धवटच राहतात. यावर तोडगा असा, की टोकाशी ब्रोमीन ठेवायचा, पण तांब्याचा क्षार क्लोराइडचा वापरायचा. अदलाबदलीत नव्या टोकांवर क्लोरीन बसतो, त्यांची जाग मंदावते आणि मागे राहिलेल्या साखळ्यांना गाठायला वेळ मिळतो.

तिसरी वाट १९९८ मध्ये पुन्हा मेलबर्नहून आली. रिझार्डो, ग्रेम मोअड आणि सान थांग यांनी गंधकाच्या डायथायोएस्टर संयुगांचा वापर दाखवला. थांग १९७९ मध्ये व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून ऑस्ट्रेलियात आले होते. या तिघांच्या पद्धतीत झाकण भांड्यात मोकळे फिरत नाही. झोपलेल्या साखळीचे गंधकी टोक जागी साखळी स्वतःवर घेते आणि झोपलेली सुटून जागी होते. जागेपणाची पाळी अशी हातोहात फिरते. धातू नको, तापमान ६०-७० अंश पुरते, आणि नेहमीच्या कृतीत एक संयुग जास्त घातले की झाले. संयुग लाल किंवा गुलाबी असते, म्हणून पॉलिमरवरही तो रंग उतरतो, आणि गंधकाचा वास येतो. अमाइन घालून ते टोक कापले की रंग जातो. याच पद्धतीने २०१३ मध्ये सिडनीत सेबास्तियाँ पेरिए यांच्या गटाने एकाच भांड्यात वीस खंडांची साखळी बनवली. श्वार्त्सच्या बंद काचेच्या उपकरणात हे घडवणे मला तरी कल्पनेपलीकडचे वाटते.

सरळ साखळ्यांकडून फांद्या असलेल्या पॉलिमरकडे वळले की थोड्याशा मृत्यूंचीही किंमत एकदम वाढते. तारकाकृती पॉलिमर बनवायचा सोपा मार्ग म्हणजे चार ब्रोमीन असलेला प्रारंभक घ्यायचा. चार दिशांना चार भुजा वाढतात. आता सुट्या साखळ्यांत शंभरात पाच मेल्या, तर बिघडत नाही. पाच साखळ्या थोड्या वेगळ्या निघतात, एवढेच. पण ताऱ्याच्या एका भुजेचे टोक दुसऱ्या ताऱ्याच्या भुजेला जुळले, तर दोन अख्खे तारे कायमचे एकत्र होतात. आणि शेकडो भुजांचा ब्रश घेतला, तर? एका लांब कण्यावर प्रत्येक एककाला एक प्रारंभक लावून त्या प्रत्येकातून बाजूची साखळी वाढवायची. बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसतो म्हणून त्याचे नावच बॉटलब्रश पडले आहे. पाचशे भुजांच्या अशा रेणूत प्रत्येकी दोन-तीन भुजा जरी शेजाऱ्यांशी जुळल्या, तरी भांड्यातला सगळा माल एकच जाळे होऊन गोठतो. मग तो विरघळतही नाही आणि ओतताही येत नाही. म्हणून इथे काम मुद्दाम सावकाश करतात: मोनोमर भरपूर, तांब्याचा द्विसंयुजी क्षार सुरुवातीपासूनच थोडा घातलेला, आणि मोनोमरचा थोडाच भाग संपला की बूच उघडायचे. उरलेला मोनोमर वाया गेला तरी चालेल.

एवढ्या खटपटीतून मिळते ते फार मोलाचे. रबर किती मऊ होऊ शकते याला मर्यादा असते, कारण लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तो गुंताच त्यांना ताठ करतो. बॉटलब्रशच्या दाट भुजा कण्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, गुंता होऊच देत नाहीत. मातियाशेव्हस्की आणि नॉर्थ कॅरोलायनातले सर्गेई शेइको यांच्या गटांनी २०१६ मध्ये अशा रेणूंपासून कोणताही द्रावक न घालता सुमारे १०० पास्कल इतक्या कमी प्रत्यास्थता गुणांकाचे रबर बनवले. शरीरातल्या मऊ ऊतींइतकी मऊ वस्तू करायला एरवी पाण्याने फुगलेले जेल लागते, आणि ते सुकते. हे रबर सुकत नाही.

विस्कळीत फांद्यांसाठी दुसरी युक्ती आहे. साध्या मोनोमरमध्ये दोन द्विबंधांचा थोडा मोनोमर मिसळायचा, तो दोन साखळ्यांना सांधतो. साध्या पद्धतीत पहिल्या क्षणापासून पूर्ण लांबीच्या साखळ्या असल्याने सांधे लगेच जाळ्यात रूपांतरित होतात. नियंत्रित पद्धतीत सुरुवातीला सगळ्याच साखळ्या आखूड असतात, म्हणून सांधे सगळ्यांत सारखे विखुरतात. प्रत्येक साखळीमागे सरासरी एकापेक्षा कमी सांधा ठेवला, तर शेवटपर्यंत द्रव द्रवच राहतो. फांद्यांचे पॉलिमर तेवढ्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा कमी चिकट असतात. इंजिनच्या तेलात मिसळायचे तारकाकृती पॉलिमर, रंगद्रव्याचे कण सुटे ठेवणारे ब्लॉक कोपॉलिमर आणि बांधकामातले काही सीलंट आज या पद्धतींनी कारखान्यात बनतात. दुधाची पिशवी बनत नाही आणि बनणारही नाही; वेग कमी, गंधकाची संयुगे महाग, तांबे काढून टाकायचा खर्च वेगळा. तांब्याचे प्रमाण मात्र २००६ च्या सुमारास क जीवनसत्त्वासारखे साधे क्षपणक वापरून दशलक्षांश भागांवर आणले गेले: हवेने बिघडलेले तांबे हे क्षपणक पुन्हा कामाला लावते.

सुप्त टोकाचा आणखी एक उपयोग अलीकडे पुढे आला आहे. झुरिकच्या ईटीएच संस्थेत अथिना अनास्तासाकी यांच्या गटाने २०२२ मध्ये गंधकी टोक असलेले पॉलिमिथाक्रिलेट विरळ द्रावणात १२० अंशांना तापवले. टोक जागे झाले, पण भोवती मोनोमर नव्हता. साखळी वाढण्याऐवजी एकेक एकक सोडत मागे उलगडत गेली, आणि ९२ टक्क्यांपर्यंत मूळ मोनोमर परत मिळाला. साधे अॅक्रिलिक असे सुटे करायला त्याहून कितीतरी जास्त तापमान लागते. अडचण द्रावकाची आहे: थोड्याशा पॉलिमरला भरपूर द्रावक लागतो, आणि ज्या साखळ्यांची टोके बनतानाच मेली, त्या उलगडतच नाहीत.